एकाच फळीचे सात तुकडे

आमच्या घरमालकांनी मला खोली देण्याआधी आठ दिवस एक लाकडाचा तुकडा सांभाळायला दिला होता. ओळखीचं कोण, नोकरी पक्की की कच्ची, काही विचारलं नाही. आडनावही विचारलं नाही, आणि ह्याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. त्याआधीच्या तीन घरांत माझं आडनाव ऐकल्याबरोबर रिकामी खोली एकाएकी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघाली होती. ह्यांनी फक्त गाव विचारलं.

"पारोळा," मी म्हटलं.

"मंग एवढी शुद्ध काब्र बोली राहिनी? आपलं बोल ना." शुद्ध कशाला, आपली गावाकडची बोली बोल, असं त्यांचं म्हणणं.

मी नुकतीच जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले होते. मामांकडे तात्पुरती राहत होते आणि मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खोली शोधत होते. खाली लाकडाला पॉलिश करण्याचं दुकान, मागे घरमालकांचं घर, वर एक खोली. दुकानात स्पिरिटचा असा वास की पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीच यावं. घरमालकांना अख्खा मेहरूण नाना म्हणायचा, मीही म्हणू लागले. ते मूळचे धुळ्याकडचे. अंगाने काटकुळे, हाताची बोटं कायमची तपकिरी, आणि चष्म्याच्या काड्या सुतळीने डोक्यामागे बांधलेल्या.

त्यांनी भिंतीवरून सागवानाचा एक तुकडा काढला, वहीएवढा. त्याला काहीच लावलेलं नव्हतं. म्हणाले, "हाऊ लई जाय. आठ दिन ठेव. मंग ये आनि काय देखं ते सांग."

मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो. पण खोलीला पूर्वेची खिडकी होती, म्हणून तुकडा घेऊन गेले. चौथ्या दिवशी माझ्या हातून त्यावर चहा सांडला. मी ओल्या फडक्याने पुसला, डाग गेला नाही. लिंबाने घासला, तर डागाभोवती आणखी एक फिकट डाग पडला. मामी म्हणाली, सुताराकडून तसाच दुसरा तुकडा आणून दे, त्याला काय कळतंय. आठव्या दिवशी मी तोच तुकडा नानांसमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, लिंबासकट.

नानांनी तुकडा नाकाला लावला, हसले आणि म्हणाले, "खोली तुनी."

पुढे काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सांगितलं की माझ्याआधी तिघांना तुकडे दिले होते. एकाने आठ दिवस पिशवीतून काढलाच नाही आणि 'फार सुंदर लाकूड आहे' म्हणून परत केला. दुसऱ्याने त्याला घरचं तेल चोपडून आणलं, ते नानांना तासून काढावं लागलं. तिसरा आलाच नाही. "ह्या मानुसले भाडेकरू नको," काकू म्हणाल्या, "परीक्षाले बसनारा पोरे पाहिजे." माझा चहाचा डाग पडलेला तुकडा नानांनी पुसला नाही, तासला नाही, होता तसा भिंतीवर परत टांगला. आणि मी तिथे होते तोवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बोट दाखवून सांगत, "हाऊ चहा आमनी मास्तरीनना."

ती भिंत म्हणजे नानांचं देवघर होतं म्हणा ना. एकच सागवानी फळी. त्यांच्या वडिलांनी धुळ्याच्या लाकूड डेपोतून आणलेली. नानांनी दुकान सुरू केलं त्या दिवशी तिचे सात तुकडे केले आणि ओळीने टांगले. पहिला कोरा, माझ्या चहाचा. दुसऱ्याला जवसाचं तेल, तिसऱ्याला मेण, चौथ्याला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश, पाचव्याला वार्निश, मग मेलामाइन, आणि शेवटचा पीयूचा, प्लॅस्टिकसारख्या चकचकीत थराचा. लाकडाची रेष पहिल्या तुकड्यातून निघायची ती सातव्यात जाऊन संपायची. मधे एक गाठ होती, ती तिसऱ्या आणि चौथ्यात अर्धी अर्धी वाटली गेली होती. मेणातली अर्धी गाठ मऊ आणि झोपाळलेली दिसायची, चपड्यातली तीच गाठ टक्क जागी. मी चित्रकलेची पदविका घेतलेली बाई, पण एकाच वस्तूचे असे सात चेहरे असू शकतात हे मी त्या भिंतीपुढे उभी राहून शिकले. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

गिऱ्हाइकाला नाना विचारायचे नाहीत की कोणतं पॉलिश पाहिजे. सातही तुकडे लाल फडक्यात बांधून द्यायचे. कपाट ज्या खोलीत राहणार त्याच खोलीत आठ दिवस ठेवायचे. सकाळी पाहायचे, दुपारी पाहायचे, दिवा लावल्यावर पाहायचे. हात फिरवायचा. "आनि एकदा पानी सांडी देवानं. घरमा पोरे शेतस ना? पोरे सांडतसच." मग येऊन सांगायचं. तोवर नाना ब्रशला हात लावत नसत. निम्मी गिऱ्हाइकं फडकं परत करायलाही कुणाच्या तरी हाती पाठवत आणि स्वतः तयार फर्निचरच्या दुकानात जात. नानांना त्याचं काही वाटत नसे. उतावळ्या माणसाच्या घरात लाकूड सुखी राहत नाही, असं त्यांचं मत.

एकदा दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून एक इंजिनिअर साहेब बायकोला घेऊन आले. हातात गुळगुळीत कॅटलॉग. एका कपाटावर बोट ठेवून म्हणाले, "असं पाहिजे. अगदी असंच."

नानांनी कॅटलॉग हातात घेतला, उन्हात नेला, सावलीत नेला, उलटा करून पाहिला. म्हणाले, "साहेब, कागदमा लाकूड दिसत नही, कागद दिसस." आणि लाल फडकं पुढे केलं.

"आठ दिवस? अहो, मला वेळ कुठे आहे?"

"तुम्ही वीज तयार करतस, आनि उजेड देखाले आठ दिन नही तुमनाकडे?"

साहेब भडकले, बाई मात्र हसल्या आणि फडकं घेऊन गेल्या. आठ दिवसांनी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "नाना, आमच्याकडे बिछान्याजवळ सकाळी ऊन येतं. त्या उन्हात तेलाचा तुकडा असा दिसतो की ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं." नाना इतके खूश झाले की काकूंना हाक मारून चहा सांगितला. त्या बाईंचं कपाट त्यांनी दोन महिने लावून केलं, तेलाचा एक हात दिला की आठवडाभर वाळवत, पुन्हा एक हात. साहेब फोन करकरून थकले.

पीयूवर त्यांचा राग होता. सातवा तुकडा त्यांनी नुसता दाखवण्यापुरता ठेवलेला. पाणी लागत नाही, डाग पडत नाही, सगळं कबूल. "पन् मुडदाले आंघोय घाली देल्हेल वाटस," असं म्हणायचे. काकू म्हणायच्या, असं गिऱ्हाइकासमोर बोलू नका. ते गिऱ्हाइकासमोरच बोलायचे.

आणि एक गोष्ट ते वरचेवर म्हणत. त्यांचा मुलगा पुण्याला होता, त्याला वाटे बाबांनी आता हे विकून पुण्याला यावं. त्याचा फोन आला की नाना ठरलेलं वाक्य बोलत: "जवय मना डोया चुकी, तवय मी हाई दुकान बंद करी देसू. तवलोंग नाव काढू नको." फोन ठेवून मग माझ्याकडे पाहत. मी चित्रकलेची बाई, म्हणजे मला कळणार, असं त्यांनी धरलेलं होतं. रंग कालवला की जिन्याखालून हाक यायची, "मास्तरीन, जरा डोया दे." मी हातातलं टाकून खाली जायची. त्यांच्या डोळ्यावर गिऱ्हाइकांचा विश्वास, आणि त्यांचा माझ्या डोळ्यावर. आयुष्यात मला बक्षिसं मिळाली, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली, पण त्या हाकेएवढं मोठं मला काही मिळालं नाही.

माझ्या खोलीत एक टेबल होतं. माझे वडील पारोळ्याला प्राथमिक शिक्षक होते. मी दहावीला गेले तेव्हा त्यांनी ते सुताराकडून करून घेतलं, सागवानाचं, चपड्याचं पॉलिश दिलेलं. घर दोन खोल्यांचं, टेबल आणल्यावर आईला स्वयंपाकघरात जायला अंग चोरावं लागे, पण कुणी तक्रार केली नाही. मी पदविका करत असताना वडील गेले. नोकरी लागली तशी मी टेबल टेम्पोत घालून जळगावला आणलं. ते जिन्यावरून वर चढवताना नाना आडवे आले, तिथेच खाली बसले, टेबलाच्या पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चपडा. हात चांगला व्हता. कोन व्हता?"

मला सुताराचं नाव माहीत नव्हतं. नानांना ह्याचा फार राग आला. वडिलांचं नाव लावतेस आणि टेबल करणाऱ्याचं नाव माहीत नाही म्हणतेस, असं म्हणून दोन दिवस बोलले नाहीत.

खोली घेऊन चार वर्षं झाली असतील. एका सकाळी शाळेच्या घाईत मी गॅसवरून उतरवलेला कुकर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. उचलला तर खाली तळव्याएवढा पांढरा फटक डाग, मधे पॉलिश फुगून वर आलेलं. मी त्या कोपऱ्यापाशी बसून लहान पोरीसारखी रडले. शाळेला दांडी मारली. नाना वर आले, त्यांनी चष्मा पुसला, डाग पाहिला आणि म्हणाले, "रडू नको. कोनले समजाव बी नही असं करी देस."

तीन दिवस ते त्या कोपऱ्यावर बसले. जुनं पॉलिश घासून काढलं. चपडा, स्पिरिट, त्यात पिवडीची, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाची, चिमूट, मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा घेऊन हात देत राहिले. मधेच थांबायचे, मान तिरकी करायचे, पुन्हा पिवडीची चिमूट घालायचे. ट्यूबलाइटला शिव्या द्यायचे. त्या वर्षात दुकानातल्या ट्यूबा त्यांनी दोनदा बदलल्या होत्या. हल्ली कंपन्या उजेडातही भेसळ करतात, म्हणायचे. आणखी एक बदल झाला होता, तो मला जाणवायला हवा होता. पीयूला शिव्या देणं त्यांनी बंद केलं होतं. सातव्या तुकड्यापुढे उभे राहून ते म्हणत, "हाऊ बी आते बरा वाटस. ऊब उनी त्यामा." मला वाटलं, म्हातारपणी माणूस निवळतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हाक आली नाही, कारण मी तिथेच होते. नाना बाजूला झाले आणि म्हणाले, "देख. फरक दिसस का? खरं सांग."

फरक दिसत होता. आंधळ्यालाही दिसला असता. सगळं टेबल मधासारखं तपकिरी, आणि कोपऱ्यात हळदीचा हात पुसावा तसा पिवळा धमक ठिपका. ज्या माणसाने सात तुकड्यांवर उभं आयुष्य काढलं त्याला हे दिसत नव्हतं. मी टेबलाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तीन दिवस वाकून त्यांची मान आखडली होती. आणि ते वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं, डोळा चुकला की दुकान बंद. मी हो म्हणायचा अवकाश, माझ्या एका शब्दावर ती भिंत, ते लाल फडकं, जिन्याखालची हाक सगळं जाणार होतं.

"नही नाना," मी म्हटलं. "काहीच फरक नही."

ते पोटभर हसले. काकूंना सांगायला खाली गेले. मी टेबलाच्या त्या कोपऱ्यावर चित्रांच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला, आणि पुढे दोन वर्षं तो हलवला नाही.

माझ्या एका 'नाही'चं काय झालं ते सांगते. नानांनी पुढे दोन वर्षं कामं घेतली. लोक भिडस्त. वयोवृद्ध माणूस, चाळीस वर्षांची ओळख, कोण तोंडावर बोलणार? कुणी पिवळ्या पडलेल्या भागावर फुलदाणी ठेवली, कुणी कपाट भिंतीकडे वळवलं. धुळ्याला देवपुरात एका डॉक्टरीणबाईंच्या घराचं मोठं दार नानांनी केलं. डावी झडप दिवाळीआधी, उजवी दिवाळीनंतर. माझी मावशी त्याच गल्लीत, म्हणून मी सहज पाहायला गेले. दारापुढे उभी राहिले. दोन झडपा दोन घरांतल्या वाटत होत्या. डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या. त्या डोळ्यांच्या डॉक्टर नव्हत्या, पण कळायचं ते त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, "त्यांना घेऊन जा कुणाकडे तरी. मी पाहुणी पडते, तुम्ही घरच्या."

मी घरची होते आणि मीच बोलले नव्हते. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं. नवीन चष्मा फुकट मिळतो असं खोटंच सांगून मी नानांना तिथे नेलं. एक खोटं झाकायला दुसरं. डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच वाढलाय. इतके दिवस सगळं पिवळंच दिसत असणार तुम्हाला."

रिक्षात बसल्यावर नानांनी सुतळीची गाठ सोडून चष्मा खिशात ठेवला.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी ते काळा चष्मा लावून आले, घरात न जाता थेट दुकानात गेले. भिंतीपुढे उभे राहिले. चष्मा काढला. एका हाताने डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. काकू आणि मी दारात. पहिल्या तुकड्यापासून सातव्यापर्यंत ते असे डोळे झाकत उघडत गेले.

"ह्या डोयाले धवयं दिसस," ते म्हणाले, "त्या डोयाले पिवयं." मग हात खाली घेऊन, "बठ्ठं पिवयं मना डोयामा व्हतं. लाकूडमा नही."

सातव्या तुकड्याला त्यांनी हात लावला. "हाऊ तं मुडदाच शे अजून," म्हणाले. आम्ही हसलो, कारण हसायची सोय झाली होती. पण ते हसले नाहीत. वळले आणि जिना चढू लागले. मला कळलं ते कुठे चाललेत. मी मागे गेले नाही. वरून वह्यांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

मी वर गेले तेव्हा ते टेबलाशी उभे होते.

"तुले दिसे ना तवय?"

"हो, नाना."

"तू तवय लाकूड नही देखं," ते म्हणाले. "मनं तोंड देखं. माले तवयच समजाले पाहिजे व्हतं. फरक देखनारा मानूस लाकूडकडे देखस."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी दुसरी खोली शोधायला लागले होते. नवव्या दिवशी, रविवारी, जिन्याखालून हाक आली, "मास्तरीन, चाल. डोया लई चाल."

त्यानंतरचे आमचे रविवार. नानांनी दोन वर्षांत जी जी कामं केली होती ती सगळी त्यांना तोंडपाठ होती, आणि ती सगळी त्यांना पुन्हा करायची होती. एका पिशवीत चपडा, स्पिरिटच्या बाटल्या, काचपेपर, दुसऱ्या पिशवीत काकूंनी बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा. आम्ही एस.टी.ने जायचो. एरंडोल, पारोळा, धुळे. लोक म्हणत, राहू द्या हो नाना, सवय झाली आम्हाला. देवपुरातल्या डॉक्टरीणबाईंची मुलं तर रडली, कारण त्यांच्या घराचा पत्ता सगळे 'अर्धं पिवळं दार' असाच सांगत. नाना ऐकत नसत. चार रविवार बसून त्यांनी ती पिवळी झडप घासून काढून पुन्हा पॉलिश केली.

प्रत्येक ठिकाणी काम झालं की ते मला पुढे करत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. अगदी शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे, हात मागे बांधून. "आते सांग," म्हणत. त्यांच्या पाठीवर काही वाचता येत नसे. आखडलेली मान दिसे, सुतळीची गाठ दिसे, बस्स. मी लाकडाकडे पाहून सांगायची. फरक आहे. वरच्या बाजूला अजून थोडा आहे. आता नाही. त्यांना माझं पटे. एकदा मी 'आहे' म्हटलं तेव्हा त्या घरचे गृहस्थ वैतागून म्हणाले, बाई, असू द्या ना, संध्याकाळ होत आली. नाना भिंतीकडे पाहतच म्हणाले, "तिले बोलू द्या. तिना डोया महाग पडना माले."

माझं टेबल मात्र त्यांनी केलं नाही. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा विनवणी केली.

"राहू दे," ते म्हणाले. "तठे मनी चूक नही, तुनं खोटं शे. ते माले घासता येवाव नही."

शेवटचं घर झालं त्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं, पण शब्द तो शब्द. डोळा चुकला होता ना एकदा? काकूंनी समजावलं, मी समजावलं, पुण्याच्या मुलाने तर आश्चर्याने फोनवर म्हटलं की बाबा, आता कशाला बंद करता? नाना भिंतीवरचे तुकडे उतरवत बसले. पहिला, चहाच्या डागाचा, मला दिला. दुसरा त्या दीपनगरच्या बाईंना नेऊन दिला. बाकीचे कुणाकुणाला. त्या सागाची रेष आता सात घरांत आहे.

पुढे माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले, इथल्या शाळेत लागले. टेबल आलं, तुकडा आला. नाना आणि काकू पुण्याला गेले. फोनवर नाना विचारायचे, "टेबल कोनता उजेडमा ठेवं?" मी सांगायची, पूर्वेच्या खिडकीशी. "मंग ठीक शे." ते गेल्याचं मुलाने कळवलं तेव्हा तेरा दिवस उलटून गेले होते. मेहरूणला त्या जागी आता ट्यूशनचा क्लास आहे, वरच्या खोलीला काळ्या काचा लावल्यात. मागच्या वर्षी मी तिथे जाऊन रस्त्यावर उभी राहिले. स्पिरिटचा वास येतो का म्हणून श्वास घेतला. नाही आला. खोटं कशाला सांगू, मी जिन्याखाली हाक येते का हेही ऐकत होते. मला त्या माणसाची फार आठवण येते. वडिलांची येते त्याहून थोडी जास्तच येते, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ह्या उन्हाळ्यात टेबल पुसताना माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यातला तो पिवळा ठिपका दिसत नाही. मी पडदा सारला. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, दिवा लावून पाहिलं. सगळं टेबल एकसारखं, मधासारखं. वाटलं, लाकूडच ते, इतक्या वर्षांत उन्हाने सारखं झालं असेल. वाटलं, माझं खोटं फिटलं. आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. नानांच्या हाताची तेवढी एकच चूक जगात शिल्लक होती, ती माझ्याकडे होती, आणि तीही गेली.

मग आठवलं, दिवाळीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, साखर आहे तुम्हाला, मोतीबिंदूची सुरुवात दिसते, उशीर करू नका. मी उशीर करत होते. वर्गात मुलांच्या चित्रांतले निळे मला हल्ली मळकट वाटत होते आणि मी मुलांनाच रागावत होते.

मी लेकीला बोलावलं. ती बारावी झालेली, शहाणी, भिडस्त. ते टेबल, तो ठिपका, ते नाना, सगळं तिने लहानपणापासून ऐकलंय. म्हटलं, "बघ गं, कोपऱ्यात फरक दिसतो का?"

तिने टेबलाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही गं आई," ती म्हणाली. "काहीच फरक नाही."

मी तिला रागावले नाही. मी खिडकीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, हात मागे बांधले.

"आता सांग," मी म्हटलं.

मागे पडदा सरकवल्याचा आवाज आला.

"आहे," ती म्हणाली. "पिवळा आहे. चांगलाच पिवळा आहे, आई."

"कुठे?"

तिने येऊन माझा मागे बांधलेला हात सोडवला, मला टेबलापाशी नेलं आणि माझा तळवा त्या जागेवर ठेवला.